कोडमधल्या वाटा एडिटरला शिकवताना

ईआरपीनेक्स्टमधला ‘सेल्स इनव्हॉइस’ हा एकच दस्तऐवज समजून घ्यायचा म्हटलं तरी निदान चार फाइली उघडाव्या लागतात. दस्तऐवजात कोणते रकाने आहेत ते जेसन फाइलीत, सर्व्हरवरचे नियम पायथन फाइलीत, ब्राउझरमध्ये काय घडतं ते जावास्क्रिप्ट फाइलीत आणि चाचण्या चौथ्या फाइलीत. पायथन फाइल वाचायला घेतली की कळतं, तिचा क्लास सेलिंगकंट्रोलरवर उभा आहे, तो स्टॉककंट्रोलरवर, तो अकाउंट्सकंट्रोलरवर, आणि साखळी तिथेही संपत नाही. त्यात भर म्हणजे बिल सबमिट होताना भलत्याच ॲपमधलं एखादं फंक्शन चालतं आणि त्याचा या चारही फाइलींत कुठे उल्लेख नसतो.

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, रुषभ मेहता यांनी सुरू केलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्याचा कोड सर्वांना खुला आहे, म्हणून उदाहरणासाठी मी तेच घेतलं आहे. इथे सांगितलेली प्रत्येक कृती तुम्ही तुमच्या संगणकावर करून पाहू शकता. तुमचा प्रकल्प वेगळा असेल तर नावं बदलतील, रीत तीच राहील.

आजच्या एडिटरांना कोडमधल्या उड्या बऱ्याच येतात. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. त्यानंतर फंक्शनच्या वापरापासून त्याच्या व्याख्येपर्यंत पोचण्याची सोय जवळपास प्रत्येक एडिटरमध्ये आली. मग स्वतःचे मॅक्रो, म्हणजे नोंदवून ठेवून पुन्हा चालवता येणाऱ्या कृती, कशाला? कारण लँग्वेज सर्व्हरला भाषा कळते, प्रकल्पाचे रिवाज कळत नाहीत. फ्रॅपेच्या कोडमध्ये ‘गेट_डॉक’ या फंक्शनला "सेल्स इनव्हॉइस" अशी अवतरणचिन्हांतली स्ट्रिंग दिलेली असते. लँग्वेज सर्व्हरच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं. त्या अक्षरांवरून अकाउंट्स मॉड्यूलमधल्या एका ठरावीक फाइलीपर्यंत जाता येतं हे फ्रॅपेवर काम करणाऱ्या माणसालाच माहीत असतं, आणि तो माणूस दिवसभर तीच वाट हाताने चालत राहतो. फाइलींची यादी उघडायची, नाव टाइप करायचं, चारपाच सारख्या नावांतून हवं ते निवडायचं. ही वाट एडिटरला शिकवणं म्हणजे नेव्हिगेशनचा मॅक्रो लिहिणं. ज्या उड्या एडिटरला आधीच येतात त्यांच्यावर वेळ घालवू नका. तो जिथे अडतो तिथूनच तुमचे मॅक्रो सुरू व्हावेत.

उदाहरणं व्हिमची देतो आहे. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिमची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि त्यातला मॅक्रो आजही जसाच्या तसा निओव्हिममध्ये चालतो. व्हीएस कोड आणि जेटब्रेन्सच्या एडिटरांमध्ये व्हिमची बटणं आणणारी प्लगइन आहेत, त्यांतही रेकॉर्डिंगची सोय आहे. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक अर्थातच रोमन घ्यायचे. जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी काय हाताशी आहे

मॅक्रो बांधण्याआधी एक तास व्हिममधल्या तयार उड्यांना द्या. कंट्रोल-ओ मागे नेतं आणि कंट्रोल-आय पुढे. व्हिम शेवटच्या शंभर उड्या लक्षात ठेवतो. कंट्रोल आणि टोपीचं चिन्ह (^) दाबलं की आधीच्या फाइलीत, पुन्हा दाबलं की परत. ‘जी’ आणि ‘एफ’ दाबल्यावर कर्सरखाली नाव असलेली फाइल उघडते. ‘एम’ दाबून मोठं अक्षर दिलं की त्या जागी खूण बसते, आणि ती खूण फाइल बंद केल्यावरही राहते. टॅग्जची, म्हणजे कुठली व्याख्या कुठे आहे याची, फाइल बनवून ठेवली असेल तर कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस (]) व्याख्येकडे नेतो आणि कंट्रोल-टी परत आणतो. टॅग्ज बनवायला युनिव्हर्सल सीटॅग्ज वापरा, पण फक्त पायथन भाषेपुरते टॅग्ज बनवायला सांगा. जावास्क्रिप्टचे टॅग्ज मिसळले की यादी फुगते.

रेकॉर्डिंगही सोपं आहे. ‘क्यू’ आणि मग एखादं अक्षर, समजा ‘एस’, दाबलं की तुमची प्रत्येक कृती ‘एस’ नावाच्या रजिस्टरमध्ये नोंदली जाते. पुन्हा ‘क्यू’ दाबलं की नोंद थांबते. ‘@एस’ दाबलं की सगळं पुन्हा घडतं, आणि ‘@@’ दाबलं की शेवटचा मॅक्रो परत चालतो.

दोन गोष्टी मात्र मनात पक्क्या बसवा, पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. पहिली, मॅक्रो म्हणजे रजिस्टरमधला साधा मजकूर. तो कागदावर उतरवल्यासारखा फाइलीत काढता येतो, दुरुस्त करता येतो, परत रजिस्टरमध्ये भरता येतो. दुसरी, मॅक्रोतली एखादी कृती फसली, शोध लागला नाही किंवा फाइल सापडली नाही, की व्हिम उरलेला मॅक्रो तिथेच सोडून देतो. बरेच जण याला त्रास समजतात. नेव्हिगेशनच्या मॅक्रोत हाच मोठा आधार आहे. चुकीच्या जागी नेऊन सोडणाऱ्या मॅक्रोपेक्षा अडून उभा राहणारा मॅक्रो केव्हाही चांगला.

एका फोल्डरमधल्या चार फाइली

सेल्स इनव्हॉइसच्या फोल्डरचं नाव ‘सेल्स_इनव्हॉइस’. त्यात ‘सेल्स_इनव्हॉइस.पीवाय’, ‘सेल्स_इनव्हॉइस.जेएस’, ‘सेल्स_इनव्हॉइस.जेसन’ आणि ‘टेस्ट_सेल्स_इनव्हॉइस.पीवाय’ या मुख्य फाइली. फ्रॅपेतल्या प्रत्येक डॉकटाइपची, म्हणजे दस्तऐवजाच्या प्रकाराची, मांडणी साधारण अशीच. सुरुवात इथून करा, कारण ही ये-जा सर्वांत जास्त वेळा होते.

व्हिममध्ये ‘%’ म्हणजे चालू फाइलीचं नाव, आणि ‘%:आर’ म्हणजे शेवटचं एक्स्टेन्शन काढून उरलेलं नाव. त्यामुळे पहिला विचार असा येतो की ‘:ई %:आर.जेएस’ या आज्ञेने पायथनमधून जावास्क्रिप्टमध्ये जाता येईल. जाता येतं. पण चाचणीच्या फाइलीत असताना हीच आज्ञा दिली तर व्हिम ‘टेस्ट_सेल्स_इनव्हॉइस.जेएस’ शोधतो. अशी फाइल या फोल्डरमध्ये नाही, तरी ‘:ई’ निमूटपणे त्या नावाची नवी रिकामी फाइल उघडून देतो. सवयीने सेव्ह केलं की प्रकल्पात एक फालतू फाइल वाढते आणि पुढच्या कमिटमध्ये जाते.

यात दोन बदल हवेत. चारही फाइलींत सारखं काय आहे? फोल्डरचं नाव. म्हणून नाव फाइलीवरून काढू नका, फोल्डरवरून काढा. ‘%:पी:एच’ म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता आणि ‘%:पी:एच:टी’ म्हणजे त्या पत्त्यातलं शेवटचं नाव. दुसरं, ‘:ई’च्या जागी ‘:फाइंड’ वापरा. फाइल नसेल तर ‘:फाइंड’ चूक दाखवून थांबतो, नवं काही निर्माण करत नाही. मग आज्ञा अशी होते:

:फाइंड %:पी:एच/%:पी:एच:टी.जेएस

ही चारांपैकी कुठल्याही फाइलीतून चालते. ‘.जेएस’च्या जागी ‘.पीवाय’ आणि ‘.जेसन’ ठेवून आणखी दोन आज्ञा करा. चाचणीसाठी तिरक्या रेघेनंतर ‘टेस्ट_’ घाला आणि शेवटी ‘.पीवाय’ लावा. या चार आज्ञा रेकॉर्ड करण्याची गरज नाही. त्या सरळ व्हिमआरसी या व्हिमच्या सेटिंगांच्या फाइलीत ‘एननोरीमॅप’ने चार बटणांना जोडून टाका. ‘एनमॅप’ टाळा. तो तुमच्या मॅपिंगमधल्या बटणांवर दुसरं मॅपिंग असेल तर तेही चालवतो आणि भलतंच घडतं.

त्याच फाइलीत ‘:सेट हिडन’ ही ओळ असू द्या. ती नसेल तर सेव्ह न केलेले बदल असताना व्हिम दुसऱ्या फाइलीत जायला नकार देतो आणि तुमचे सगळे मॅक्रो पहिल्याच पावलावर थांबतात. निओव्हिममध्ये हे मुळातच चालू असतं.

ही सगळी कल्पना फ्रॅपेपुरती नाही. मेव्हन वापरणाऱ्या जावा प्रकल्पात मूळ क्लास ‘मेन’ फोल्डरच्या खाली आणि त्याची चाचणी ‘टेस्ट’ फोल्डरच्या खाली, त्याच पॅकेजच्या पत्त्यावर असते. सी भाषेत हेडर आणि सोर्स. रेल्समध्ये मॉडेल, कंट्रोलर आणि व्ह्यू. टिम पोप यांचं प्रोजेक्शनिस्ट हे प्लगइन अशाच जोड्या एका फाइलीत लिहून ठेवू देतं. जोड्या बऱ्याच असतील तर ते जरूर वापरा, पण एकदा स्वतःच्या हाताने आज्ञा लिहून झाल्यावर.

अवतरणचिन्हांतून फाइलीकडे

आता मुख्य काम. कोडमध्ये कुठेही "सेल्स इनव्हॉइस", "जीएल एंट्री", "स्टॉक एंट्री" अशी स्ट्रिंग दिसली की त्या डॉकटाइपची पायथन फाइल एका बटणावर उघडली पाहिजे. स्ट्रिंगपासून फाइलीपर्यंतचा नियम फ्रॅपेने स्वतःच ठरवलेला आहे. ‘स्क्रब’ नावाचं फंक्शन नाव छोट्या अक्षरांत आणतं आणि मोकळी जागा व जोडरेघ यांच्या जागी अधोरेघ घालतं. तुमच्या मॅक्रोनेही नेमकं तेवढंच करायचं आहे.

आधी व्हिमला कुठे शोधायचं ते सांगा. तुम्ही बेंचच्या, म्हणजे फ्रॅपेची सगळी ॲप ज्यात असतात त्या, मूळ फोल्डरमधून व्हिम सुरू करता असं धरतो. तिथे ‘ॲप्स’च्या खाली ॲप, त्याच्या खाली त्याच नावाचं पायथन पॅकेज, त्याच्या खाली मॉड्यूल आणि मग ‘डॉकटाइप’ असं उतरत जावं लागतं. म्हणून:

:सेट पाथ+=ॲप्स/*,ॲप्स/*/*/*

इथे दोन तारका जोडून ‘**’ लिहायचा मोह होतो, कारण मग पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत. पण ‘**’ मुळात तीस पातळ्या खोल उतरतो आणि नोड_मॉड्यूल्समध्ये शिरतो. ज्या उडीला डोळ्याचं पातंही लवायला नको तिथे तुम्ही वाट पाहत बसता. तीन पायऱ्या आहेत हे माहीत आहे ना, मग तीनच सांगा. हा दुसरा, खोल गेलेला भाग डॉकटाइपसाठी. पहिला छोटा भाग कशाला ते लवकरच येईल.

आता ‘गेट_डॉक’ची एखादी ओळ उघडा, कर्सर त्या ओळीवर ठेवा आणि ‘क्यू’, ‘एस’ दाबून रेकॉर्डिंग सुरू करा. पहिली कृती: ‘वाय’, ‘आय’ आणि दुहेरी अवतरणचिन्ह. याने चिन्हांमधला मजकूर कॉपी होऊन शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये जातो. कर्सर स्ट्रिंगच्या आत नसला आणि त्याच ओळीत तिच्या आधी कुठे असला तरी व्हिम पुढची स्ट्रिंग स्वतः शोधतो, म्हणून नेम धरावा लागत नाही. दुसरी कृती, ‘स्क्रब’चं काम:

:लेट @डी = टीआर(टूलोअर(@०), ' -', '__')

तिसरी कृती ‘:फाइंड डॉकटाइप/’ एवढं लिहून कंट्रोल-आर आणि ‘डी’, मग तिरकी रेघ, पुन्हा कंट्रोल-आर आणि ‘डी’, मग ‘.पीवाय’ आणि एंटर. कंट्रोल-आर हा या साऱ्याचा कणा. आज्ञेच्या ओळीत तो रजिस्टरमधला मजकूर ओततो. मॅक्रोत मात्र नोंदली जाते ती ‘ओत’ ही कृती, ओतलेली अक्षरं नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी रजिस्टरात वेगळं नाव असेल तर वेगळी फाइल उघडते. हाताने ‘सेल्स_इनव्हॉइस’ टाइप केलं असतं तर मॅक्रो कायम त्याच फाइलीत नेत राहिला असता. ‘क्यू’ दाबून नोंद थांबवा, दुसऱ्या एखाद्या स्ट्रिंगवर जा आणि ‘@एस’ चालवून पाहा.

दुसऱ्या प्रकारची स्ट्रिंग ठिपक्यांची असते. सेल्स इनव्हॉइसच्या जावास्क्रिप्टमध्ये डिलिव्हरी नोट बनवण्यासाठी सर्व्हरवरच्या फंक्शनचा पूर्ण पत्ता दिलेला आहे: "ईआरपीनेक्स्ट.अकाउंट्स.डॉकटाइप.सेल्स_इनव्हॉइस.सेल्स_इनव्हॉइस.मेक_डिलिव्हरी_नोट". शेवटचा तुकडा फंक्शनचं नाव, त्याआधीचं सगळं फाइलीचा पत्ता. हा तुकडा वेगळा काढायला व्हिमचं ‘एफनेममॉडिफाय’ हे फंक्शन वापरता येतं. ते मुळात फाइलींच्या एक्स्टेन्शनसाठी आहे, पण शेवटच्या ठिपक्यापाशी तोडणं हेच तर त्याचं काम. स्ट्रिंग आधीसारखीच कॉपी करून घ्या आणि मग:

:लेट @एफ = एफनेममॉडिफाय(@०, ':ई')
:लेट @एम = टीआर(एफनेममॉडिफाय(@०, ':आर'), '.', '/')

त्यानंतर ‘:फाइंड’, कंट्रोल-आर ‘एम’, ‘.पीवाय’, एंटर. फाइल उघडली की ‘/डेफ’, एक मोकळी जागा, कंट्रोल-आर ‘एफ’, उघडा कंस, एंटर. कर्सर थेट फंक्शनवर. पाथमधला ‘ॲप्स/*’ हा छोटा भाग याच उडीसाठी होता.

जावास्क्रिप्टमधून पायथनमध्ये जाणारी ही उडी मला सगळ्यांत मोलाची वाटते. दोन भाषांच्या मधल्या या फटीवर कुठल्याही एका भाषेच्या सर्व्हरची नजर पोचत नाही, आणि वेब ॲपमधले निम्मे गोंधळ याच फटीत घडतात. बटण दाबल्यावर सर्व्हरवर नक्की काय चाललं हा प्रश्न दिवसातून किती वेळा पडतो ते एकदा स्वतःच मोजून पाहा.

क्लासच्या साखळीवर चढणं

सेल्स इनव्हॉइसच्या ‘व्हॅलिडेट’ पद्धतीत ‘सुपर’ची हाक आहे. ती सेलिंगकंट्रोलरच्या ‘व्हॅलिडेट’कडे जाते, तिथेही ‘सुपर’ आहे, तिथून स्टॉककंट्रोलर, मग अकाउंट्सकंट्रोलर. रक्कम कुठे बदलली ते शोधताना ही साखळी पायरीपायरीने चढावी लागते. कर्सर ‘व्हॅलिडेट’वर ठेवून टॅगची उडी मारण्याचा उपयोग नाही. हे नाव ढीगभर डॉकटाइपांमध्ये आहे आणि व्हिम त्यातलं कुठलंही एक दाखवेल. टॅग क्लासच्या नावाने शोधला पाहिजे, ते नाव एकमेव असतं.

याला दोन मॅक्रो लागतात. एकात सगळं कोंबू नका, त्याचं कारण पुढे येतंच. पहिला फक्त पद्धतीचं नाव पकडतो. कर्सर नावावर ठेवायचा आणि दुहेरी अवतरणचिन्ह, ‘एन’, ‘वाय’, ‘आय’, ‘डब्ल्यू’ दाबायचं. नाव ‘एन’ रजिस्टरमध्ये गेलं.

दुसरा एक पायरी वर चढवतो. ‘क्यू’, ‘यू’ दाबून सुरू करा. ‘$’ दाबून ओळीच्या शेवटी जा. मग ‘?^क्लास’, मोकळी जागा, एंटर: वरच्या दिशेने जवळचा क्लास. ‘एफ’ आणि उघडा कंस, मग ‘एल’: कर्सर वरच्या क्लासच्या नावावर. कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस: त्या क्लासच्या व्याख्येवर. शेवटी ‘/डेफ’, मोकळी जागा, कंट्रोल-आर ‘एन’, उघडा कंस, एंटर. ‘क्यू’.

सुरुवातीचं ‘$’ वरवर निरर्थक दिसतं. पण समजा वरच्या क्लासमध्ये ही पद्धतच नाही. शोध फसतो, मॅक्रो थांबतो, कर्सर क्लासच्या ओळीच्या सुरुवातीला उभा राहतो. तिथून पुन्हा ‘@यू’ चालवलं की वरच्या दिशेचा शोध कर्सरच्या मागून सुरू होतो आणि त्याच ओळीतला क्लास ओलांडून आणखी वरच्या, भलत्याच क्लासवर पोचतो. स्टॉककंट्रोलरच्या फाइलीत मुख्य क्लासच्या वर एररचे छोटे क्लास आहेत, म्हणजे हे हमखास घडणार. कर्सर ओळीच्या शेवटी असला की तोच क्लास सापडतो आणि चढण पुढे चालू राहते. नाव पकडण्याचं काम वेगळं ठेवलं तेही याचसाठी. मधल्या पायरीवर पद्धत नसली तरी ‘एन’मधलं नाव शाबूत राहतं. ‘@@’ दाबत जा, परत यायला कंट्रोल-टी.

मॅक्रो रेकॉर्ड करताना एरवीही हीच दृष्टी ठेवा. ‘पाच ओळी खाली’, ‘तीन शब्द उजवीकडे’ अशा मोजून केलेल्या हालचाली नोंदवू नका, उद्या कोणीतरी एक ओळ वाढवणारच आहे. कंस, ‘डेफ’, ‘क्लास’, अवतरणचिन्ह अशा ठाम खुणा शोधा. आणि जिथून निघालात तिथे परतता आलं पाहिजे. नवी फाइल उघडणं किंवा शोध घेणं व्हिम उडी म्हणून नोंदवतो. पण उद्या तुम्ही मॅक्रोचं फंक्शन केलंत आणि आत ‘सर्च’ हे फंक्शन वापरलंत, तर ‘एस’ हा झेंडा दिल्याशिवाय निघण्याची जागा नोंदली जात नाही. झेंडा विसरला तर कंट्रोल-ओ तुम्हाला अनोळखी ठिकाणी नेतो, आणि परतीची खात्री नसेल तर माणूस उडी मारायलाच कचरतो.

मागून येणारे धागे

फ्रॅपेत प्रत्येक ॲपला ‘हुक्स.पीवाय’ नावाची फाइल असते. त्यातल्या ‘डॉक_इव्हेंट्स’मध्ये कुठल्या डॉकटाइपच्या कुठल्या क्षणी कुठलं फंक्शन चालवायचं ते लिहिलेलं असतं. भारतातल्या जीएसटीचं काम इंडिया कंप्लायन्स या वेगळ्या ॲपमध्ये आहे. ते ॲप सेल्स इनव्हॉइसला असंच बाहेरून जोडलेलं असतं. बिल सेव्ह करताना जीएसटीची तपासणी कुठून आली हे सेल्स इनव्हॉइसच्या फाइली कितीही वाचल्या तरी सापडणार नाही.

म्हणून उलटा मॅक्रो हवा: मी आत्ता ज्या डॉकटाइपच्या फोल्डरमध्ये आहे त्याला कोणकोण जोडलं गेलं आहे? फोल्डरच्या नावावरून डॉकटाइपचं नाव बनवणं मात्र सरळ नाही. ‘जीएल_एंट्री’चं मूळ नाव लिहिताना जी आणि एल दोन्ही मोठे असतात, ‘सेल्स_इनव्हॉइस’मध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलंच अक्षर मोठं. छोटी अक्षरं करताना ही माहिती हरवते आणि परत मिळत नाही. अधोरेघेच्या जागी मुळात मोकळी जागा होती की जोडरेघ, तेही कळत नाही. तेव्हा नाव बनवायच्या फंदात पडू नका, सैल शोध घ्या. अधोरेघेच्या जागी ठिपका ठेवा, शोधात ठिपका म्हणजे कुठलंही एक अक्षर. आणि ‘\सी’ लावून लहानमोठ्या अक्षरांचा भेद काढून टाका:

:लेट @एच = टीआर(एक्सपांड('%:पी:एच:टी'), '_', '.')

मग ‘:व्हिमग्रेप /\सी"’, कंट्रोल-आर ‘एच’, ‘"/ ॲप्स/*/*/हुक्स.पीवाय’, एंटर. सापडलेल्या जागा क्विकफिक्सच्या यादीत जमा होतात, ‘:सीओपन’ यादी दाखवतो, ‘:सीनेक्स्ट’ पुढच्या जागेवर नेतो. तिथे खालच्या ओळींत ठिपक्यांची स्ट्रिंग असते. तिच्यावर आधीचा ठिपक्यांचा मॅक्रो चालवा, की थेट त्या फंक्शनमध्ये. एका मॅक्रोच्या टोकाला दुसरा असा लागत जातो.

‘डॉक_इव्हेंट्स’मध्ये डॉकटाइपच्या जागी नुसती तारकाही असू शकते, म्हणजे ते फंक्शन सगळ्या डॉकटाइपांना लागू. या शोधात ते सापडणार नाही, ती नोंद वेगळी पाहून ठेवा.

दुसऱ्या एडिटरमध्ये

इमॅक्स वापरणाऱ्यांना मॅक्रोचं महत्त्व सांगण्याची गरज नाही. १९७६ मध्ये एमआयटीत इमॅक्स सुरू झाला तोच टेको या एडिटरसाठीच्या मॅक्रोंचा संच म्हणून. तिथे एफ३ ने नोंद सुरू होते, एफ४ ने थांबते आणि एफ४ नेच पुन्हा चालते. मॅक्रोला नाव देऊन तो सुरुवातीच्या फाइलीत साठवताही येतो.

जेटब्रेन्सच्या एडिटरांत एडिट मेन्यूखाली मॅक्रो रेकॉर्ड करता येतात, पण पॉपअप, डायलॉग आणि टूल विंडोमधल्या कृती त्यात नोंदल्या जात नाहीत, आणि नेव्हिगेशनचं बरंचसं काम तिथेच होतं. आयडियाव्हिम हे व्हिमची बटणं आणणारं प्लगइन लावून वर सांगितलेल्या रीतीने जाणं जास्त फलदायी. व्हीएस कोडमध्ये मूळची रेकॉर्डिंगची सोय नाही. कीबाइंडिंगच्या फाइलीत एका बटणावर अनेक आज्ञा ओळीने लावता येतात, त्यावर बऱ्याच गोष्टी भागतात. स्ट्रिंगवरून फाइल उघडण्यासाठी मात्र छोटं एक्स्टेन्शन लिहावं लागतं. ते काही शंभर ओळींचं काम नाही: डॉक्युमेंटमधली स्ट्रिंग ओळखायची, ‘स्क्रब’चा नियम लावायचा आणि तिला फाइलीची लिंक जोडायची. तुमची टीम व्हीएस कोडवर असेल तर एका माणसाने हे एकदा करावं.

मॅक्रो कुठे ठेवायचे

रेकॉर्ड केलेला मॅक्रो लगेच व्हिमआरसीत हलवू नका. आठवडाभर तो रजिस्टरमध्येच राहू द्या. व्हिम रजिस्टरं व्हिमइन्फो फाइलीत जपतो, त्यामुळे बंद करून उघडलं तरी ती असतात. फक्त त्याच अक्षरात चुकून दुसरं काही कॉपी केलं की मॅक्रो पुसला जातो, म्हणून मॅक्रोची अक्षरं ठरवून ठेवा आणि त्यांना इतर कामासाठी हात लावू नका. आठवड्यानंतरही जो रोज चालतो त्याला ‘:पुट एस’ने फाइलीत उतरवा. कंट्रोलची बटणं तिथे ‘^आर’, ‘^एम’ अशी दिसतील. मॅपिंगमध्ये त्यांच्या जागी कोनी कंसातलं ‘<सी-आर>’ आणि ‘<सीआर>’ लिहा. जो मॅक्रो आठवड्यात विस्मरणात गेला त्याला जाऊ द्या.

मॅपिंगमध्ये ‘जर-तर’ येऊ लागलं, म्हणजे पायथन फाइल नसेल तर जेसन उघड, एकेरी अवतरणचिन्ह असेल तर ते धर, की फंक्शन लिहायची वेळ झाली. त्याआधी नको. तीन बटणांच्या कामासाठी चाळीस ओळींचं फंक्शन सांभाळत बसलेले लोक सहा महिन्यांत ते वापरणं सोडतात.

हे सगळे रिवाज एका प्रकल्पाचे आहेत, तेव्हा ते सर्वसाधारण व्हिमआरसीत नकोत. प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये वेगळी फाइल करा आणि ‘:सोर्स’ने ती चालवा. व्हिमला अशी फाइल आपोआप वाचायला लावणारं ‘एक्सआरसी’ सेटिंग आहे, पण अनोळखी रिपॉझिटरी क्लोन करून उघडली की तिच्यातली आज्ञाही बिनबोभाट चालेल. निओव्हिम ०.९ पासून अशी फाइल वाचण्याआधी तुमची परवानगी विचारतो आणि ‘:ट्रस्ट’ने ती नोंदवतो. तिथे हे सेटिंग चालू करायला हरकत नाही.

ती फाइल रिपॉझिटरीत कमिट करा आणि प्रत्येक मॅपिंगवर एका ओळीत लिहा की ही उडी प्रकल्पाच्या कुठल्या नियमावर उभी आहे: ‘फोल्डर आणि फाइलीचं नाव एकच’, ‘स्ट्रिंगचा शेवटचा तुकडा फंक्शनचं नाव’. नव्याने आलेल्या सहकाऱ्याला ही फाइल वाचायला द्या, त्याचा एडिटर कुठलाही असो. पुढे कोणी फोल्डरांची मांडणी बदलली तर ‘:फाइंड’ त्याच दिवशी चूक दाखवून थांबेल, आणि कुठला नियम मोडला ते त्या ओळीतच लिहिलेलं असेल.